बेक्सहिलचें लोकगृह

समुद्रकांठच्या प्रत्येक गांवांत एक जागा अशी असते कीं, ती कोणाच्या हातीं आहे यावरून त्या गांवाची घडण ओळखावी. जमीन संपून पाणी सुरू होतें त्या रेषेवरची ही जागा. कोठें तिच्यावर किल्ल्याचा बुरूज उभा असतो, कोठें जकातीचें नाकें, कोठें व्यापाऱ्यांचीं गोदामें. आणि जेथें हवा खाण्यासाठीं परगांवचे लोक येऊं लागतात तेथें लवकरच हॉटेलें उभीं राहून समुद्राचें दर्शनसुद्धां भाड्यानें मिळूं लागतें. गांवच्या साध्या रहिवाशानें तेथें जाऊन घटकाभर बसावें, चार पुस्तकें चाळावीं, गाणें ऐकावें, यासाठीं ती जागा राखून ठेवणें हें कोणाचें काम? इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिल या लहानशा गांवानें १९३३ ते १९३५ या वर्षांत या प्रश्नाचें उत्तर पोलाद, काँक्रीट आणि कांच यांच्या भाषेंत दिलें. त्या उत्तराची हकीकत आम्ही येथें सांगणार आहोंत. इमारत प्रसिद्धच आहे. परंतु ती उभी राहण्यापूर्वीं जो वाद झाला तो आम्हांस इमारतीइतकाच मोलाचा वाटतो.

बेक्सहिल हें ससेक्स परगण्यांतील गांव. पूर्वेस हेस्टिंग्ज, पश्चिमेस ईस्टबोर्न आणि समोर इंग्लिश खाडी. मूळचें गांव पाण्यावर नव्हेच. तें मागच्या टेकडीवर चर्चच्या आश्रयानें वसलेलें होतें, आणि खालची सखल जमीन डी ला वार या सरदारघराण्याच्या मालकीची होती. आगगाडीमुळें समुद्रस्नानाची आवड सर्वत्र पसरली, शेजारच्या गांवांत पैसा खेळूं लागला, तेव्हां १८८० नंतरच्या दशकांत सातव्या अर्लनें आपल्या या जमिनीकडे लक्ष वळविलें. लाटा अडविण्यासाठीं त्यानें धक्का बांधविला, आणि कंत्राटदाराच्या मोबदल्यापैकीं कांहीं भाग रोख न देतां त्याला किनाऱ्यालगतची जमीनच तोडून दिली. पुढचें सर्व ओघानेंच आलें. १८९० मध्यें सॅकव्हिल हॉटेल झालें. १८९६ मध्यें ‘कुरसाल’ नांवाचें करमणूकगृह उघडलें. हा शब्द जर्मन आहे, आणि आरोग्यासाठीं झऱ्यांच्या गांवीं येणाऱ्या मंडळींच्या मनोरंजनाचें दालन असा त्याचा अर्थ. १९०१ मध्यें स्त्रीपुरुषांना एकत्र समुद्रस्नानाची मोकळीक मिळाली, तेव्हां शिष्ट समाजानें भुंवया चढविल्या; १९०२ मध्यें किनाऱ्यावरून मोटारींच्या शर्यती धांवल्या, आणि त्याच सालीं गांवाला स्वतःचा मेयर व स्वतःची म्युनिसिपालिटी मिळाली. परंतु या उत्साहाच्या खालीं गांवाची प्रकृति शांतच होती. वसाहतींत नोकऱ्या करून परतलेले निवृत्त अधिकारी आणि मुलांच्या निवासी शाळा, ही तेथील मुख्य वस्ती.

या किनाऱ्याशीं आपल्याकडील एका राजघराण्याचाही दुःखद संबंध आला आहे. कूचबिहारचे महाराज नृपेंद्रनारायण, म्हणजे केशवचंद्र सेन यांचे जांवई, हवापालटासाठीं बेक्सहिलला येऊन राहिले होते. तेथेंच सप्टेंबर १९११ मध्यें त्यांचें निधन झालें. त्यांच्या स्मरणार्थ १९१३ मध्यें समुद्रासमोर, तटरक्षकांच्या घरांजवळ, पाणपोईवजा एक कारंजें उभारण्यांत आलें. त्याच वर्षीं महाराजांचे चिरंजीव जितेंद्रनारायण यांचा विवाह लंडन येथें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कन्या इंदिराराजे यांच्याशीं झाला. तेव्हां महाराष्ट्रीय वाचकांस हें कारंजें अगदींच परकें वाटूं नये. तटरक्षकांच्या घरांची ती जागा मात्र ध्यानांत ठेवावी. पुढची सारी कथा तेथेंच घडावयाची आहे. तिच्या पुढ्यांत, अगदीं पाण्यालगत, पांचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्त १९११ मध्यें बांधलेली एक स्तंभपंक्ति होती. मागें गांव होतें. आणि मध्यें ही मोक्याची जागा.

पहिल्या महायुद्धानंतर कुरसाल जुनें व अपुरें वाटूं लागलें होतें. इंग्लंडांतील समुद्रकांठच्या गांवांची एक अडचण अशी कीं, तेथें पाऊस केव्हां येईल याचा नेम नाहीं. आठवड्याची सुटी घेऊन आलेल्या कुटुंबाला ओल्या कपड्यांनिशीं एखाद्या भाड्याच्या खोलींत बसून राहावें लागे. ज्यांच्यापाशीं पैसा होता ते फ्रान्सला अगर इटलीला जात. उरलेल्यांसाठीं धक्क्यावरचे खेळ, यंत्रांत नाणें टाकून पाहावयाचीं चित्रें आणि दारूचे गुत्ते एवढींच सोय होती. हा धंदा खाजगी कंपन्यांच्या हातीं होता. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत वर्षाची कमाई करून घेणें हें त्यांचें धोरण, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीनें त्यांत कांहीं चूक नव्हतें. नोव्हेंबरांत गांवांतल्या माणसानें संध्याकाळीं कोठें जावें, हा प्रश्न कंपनीच्या हिशेबवहींत बसतच नाहीं.

तो प्रश्न ज्यानें विचारला तो माणूस त्याच सरदारघराण्यांतील असावा, हा योगायोग मौजेचा आहे. हर्ब्रँड सॅकव्हिल, नववा अर्ल डी ला वार, याचा जन्म १९०० सालचा. वडील पहिल्या महायुद्धांत वारले तेव्हां तो पंधरा वर्षांचा होता. वंशपरंपरेनें लॉर्डांच्या सभेंत बसणाऱ्यांपैकीं उघडपणें मजूर पक्षांत शिरलेला पहिला मनुष्य म्हणून त्याचें नांव घेतलें जातें. १९२९ च्या मजूर मंत्रिमंडळांत त्याला दुय्यम जागा मिळाली. १९३१ मध्यें पक्ष फुटला तेव्हां तो रॅम्से मॅक्डोनल्डबरोबर राहिला, आणि जुन्या सहकाऱ्यांच्या मनांतून उतरला. अशा वेळीं, १९३२ मध्यें, तो बेक्सहिलचा मेयर झाला. ज्याच्या आजोबानें हा किनारा विकून गांव वसविलें, त्याच्याच नातवानें आतां म्हणावें कीं, किनाऱ्यावरची उरलेली उत्तम जागा गांवानें स्वतःच्या खर्चानें, स्वतःसाठीं बांधून काढावी! पाणी आणि दिवाबत्ती यांप्रमाणें विश्रांति व करमणूक हाही म्युनिसिपालिटीच्या कर्तव्याचाच भाग आहे, असा त्याचा आग्रह होता. इंग्लिश किनाऱ्यावरील गांवें उदास व भकास असल्यामुळेंच आपले लोक परदेशीं पळतात, असेंही तो बोलून दाखवी.

नुसता आग्रह पुष्कळांना धरतां येतो. अर्लची खरी कर्तबगारी त्यानें पत्करलेल्या रीतींत आहे. ओळखीच्या एखाद्या शिल्पज्ञास बोलावून काम सोंपवितां आलें असतें. तसें न करतां त्यानें ब्रिटिश वास्तुशिल्पज्ञांच्या राजमान्य संस्थेच्या विद्यमानें खुली स्पर्धा जाहीर करविली. १९३३ च्या सप्टेंबरांत ती प्रसिद्ध झाली. स्पर्धेच्या पत्रकांत गरजा स्पष्ट मांडल्या होत्या: निदान पंधराशें माणसें बसतील असें सभागृह, दोनशें माणसांचें उपाहारगृह, एक वाचनकक्ष आणि बैठकीचें दालन, खर्चाची मर्यादा ५०,००० पौंड. इमारत साधी, हलकी व प्रसन्न असावी, सुटीच्या गांवाला शोभेशी असावी, आणि तींत जड दगडकाम नसावें, असें सुचविण्यासही पत्रक विसरलें नव्हतें. परीक्षक म्हणून थॉमस टेट या स्कॉटिश शिल्पज्ञास नेमलें होतें. सिडनीच्या मोठ्या पुलावरील दगडी मनोऱ्यांशीं त्याचें नांव जोडलेलें आहे, आणि नव्या वळणाच्या बांधणीबद्दल त्याच्या मनांत तिटकारा नव्हता. पत्रकाचें शब्दांकन आणि परीक्षकाची निवड हीं दोन्ही लक्षांत घेतलीं म्हणजे कौल कोणत्या बाजूला लागणार याचा अंदाज जाणत्यांना आधींच आला असेल. यांत कांहींजण लबाडी पाहतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. काय हवें हें ठाऊक नसलेल्या यजमानानें स्पर्धा भरविली म्हणजे पाहुण्यांचा वेळ फुकट जातो. घुमटांच्या व कमानींच्या शेंकडों चित्रांतून मग सर्वांस थोडी थोडी आवडेल अशी एखादी बेचव इमारत निवडली जाते. तिचे नमुने कोणत्याही शहरांत मिळतील.

दोनशें तीसवर आराखडे आले. १९३४ च्या आरंभीं निकाल लागला, आणि पहिलें बक्षीस एरिख मेंडेलसोन व सर्ज चर्मायेफ या जोडीस मिळाल्याचें जाहीर झालें. मेंडेलसोन हा जर्मनींतील ज्यू. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताच्या परीक्षणासाठीं पॉट्सडॅम येथें बांधलेला मनोरा, आणि शोकेन कंपनीचीं मोठमोठीं दुकानें, यांमुळें त्याची कीर्ति युरोपभर झालेली होती. १९३३ मध्यें हिटलरची सत्ता येतांच त्यानें देश सोडला. बर्लिनमधील भरभराटीचा व्यवसाय मागें टाकून तो इंग्लंडांत आला तेव्हां त्याचें वय सेहेचाळीस होतें. चर्मायेफचा जन्म कॉकेशसमधला; परंतु तो लहानपणींच इंग्लंडांत आलेला, हॅरोच्या शाळेंत शिकलेला, आणि कायद्यानें ब्रिटिश नागरिक झालेला होता. सांगाड्याचें गणित ज्यानें केलें तो फेलिक्स सामुएली हा इंजिनिअरही मूळचा व्हिएन्नाचा होता.

मग जें व्हावयाचें तेंच झालें. आपल्याकडचे शिल्पज्ञ कामावांचून बसले असतां परकीयांस काम कां, अशी ओरड सुरू झाली. ती सर्वांत कर्कश निघाली ती ब्रिटिश फॅसिस्टांच्या साप्ताहिकांतून. त्यांचा नेता ऑस्वल्ड मोस्ले हाही उमराव घराण्यांतलाच, आणि १९२९ च्या मजूर मंत्रिमंडळांत तो अर्ल डी ला वारबरोबरच अधिकारावर आलेला. एकाच मंत्रिमंडळांतून निघालेले हे दोन सरदारपुत्र चार-पांच वर्षांत कोठच्या कोठें जाऊन पोंचले पाहा! ज्याच्या अनुयायांनीं निर्वासितांविरुद्ध ओरड केली तो मोस्ले, आणि त्यांच्या हातीं गांवची सर्वांत चांगली जागा देणारा हा अर्ल. बेक्सहिलमध्यें याहूनही विलक्षण असा एक विरोध त्याच वेळीं नांदत होता. जर्मनींतील वरिष्ठ वर्गाच्या मुलींना इंग्लिश रीतभात शिकविणारी ऑगस्टा व्हिक्टोरिया कॉलेज नांवाची एक शाळा तेथें १९३२ पासून १९३९ पर्यंत होती, आणि तिच्या विद्यार्थिनींच्या बिल्ल्यावर ब्रिटिश निशाणाबरोबर नाझींचें स्वस्तिक विणलेलें असे. ज्या रस्त्यांवरून त्या मुली फिरत त्याच रस्त्यांलगत नाझींना नकोसा झालेला मनुष्य गांवासाठीं घर बांधीत होता.

परकीयांविषयींची ओरड आम्हांस क्षुद्र वाटते. परंतु करदात्यांचा विरोध हा वेगळा भाग होता, आणि त्याची थट्टा करणें न्यायाचें होणार नाहीं. गांवची वस्ती वीस हजारांच्या आसपास. म्युनिसिपालिटी एवढें मोठें कर्ज काढणार, आणि तें फेडणार कोण? ठराविक पेन्शनवर राहणारे वृद्ध लोक, छोटे दुकानदार आणि खानावळवाले. त्यांतून ५०,००० चा अंदाज वाढत वाढत अखेर ८०,००० पौंडांच्या घरांत गेला, म्हणजे लहानथोर धरून माणशीं चार पौंडांच्या आसपास. आणि त्या काळीं साध्या कामगाराला आठवड्याची मजुरीही तेवढी मिळत नसे. ज्या वृद्धास शांत समुद्र पाहावयास मिळावा एवढीच इच्छा होती, त्यानें उद्यांच्या नाचगाण्याचें कर्ज आज कां फेडावें, ही तक्रार निरर्थक नव्हती.

सुदैवानें त्या देशाच्या कायद्यानें ही तक्रार ऐकून घेण्याची सोय केलेली होती. म्युनिसिपालिटीला कर्ज काढावयाचें तर आरोग्यखात्याची मंजुरी लागे, आणि मंजुरीपूर्वीं सरकारी निरीक्षकासमोर उघड चौकशी होई. १९३४ मध्यें तशी चौकशी झाली, उलटसुलट बाजू मांडल्या गेल्या, आणि कर्ज मंजूर झालें. या पायरीला आम्ही फार महत्त्व देतों. एखाद्या धनिकानें देणगी म्हणून हेंच घर बांधून दिलें असतें तर गांवकऱ्यांनीं टाळ्या वाजविल्या असत्या आणि घर देणाऱ्याचेंच राहिलें असतें. येथें तसें झालें नाहीं. ज्यांनीं विरोध केला त्यांचेही पैसे त्यांत गेले, आणि म्हणून त्यांनाही त्यांत बसण्याचा हक्क आला.

६ मे १९३५ रोजीं, म्हणजे पांचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशीं, अर्लच्या हस्तें कोनशिलेचा समारंभ झाला. काम झपाट्यानें पुरें होण्याचें एक कारण सांगाड्यांत आहे. पोलादी तुळयांना भोंकें पाडून त्यांत रिव्हेट ठोकण्याची जुनी रीत सोडून सामुएलीनें तुळया वितळजोडानें सांधल्या. अशा जोडानें बांधलेली ब्रिटनमधील पहिल्या मोठ्या इमारतींपैकीं ही एक होय. जोड हलके झाले, खांब सडपातळ झाले, भिंतींवर भार उरला नाहीं. मग भिंतीच्या जागीं कांच घालण्यास कोणती हरकत? दक्षिणेकडचा, म्हणजे समुद्राकडचा, दर्शनी भाग यामुळें लांबच लांब कांचेचा झाला, आणि त्याच्या बाहेर सज्जे आधारावांचून तरंगल्यासारखे पुढें आले.

आंतील मांडणी वरवर पाहतां अगदीं साधी आहे. गांवाच्या बाजूनें, उत्तरेकडून, आंत शिरावें. पश्चिमेस सभागृह: त्याला कांच नको, अंधार व शांतता हवी, म्हणून तें बंद पेटीसारखें. पूर्वेस उपाहारगृह व त्याच्या वरच्या मजल्यावर वाचनकक्ष: त्यांना उजेड हवा, म्हणून तीं सर्वांगांनीं उघडीं. दोहोंच्या मध्यें प्रवेशदालन. त्या दालनांतून चार पावलें सरळ चाललें कीं समोर अर्धवर्तुळाकार कांचेच्या कोंदणांत बसविलेला गोल जिना लागतो. त्याच्या मधोमध क्रोमच्या चकत्यांची एक उभी दीपमाळ लोंबते, आणि तिच्या पलीकडे समुद्र. जो मनुष्य कसलेंही तिकीट काढणार नाहीं, चहाही घेणार नाहीं, त्यालाही हा जिना चढून सज्ज्यांवर व गच्चीवर जातां येईल अशी ही योजना आहे. फुकट येणाऱ्या माणसाला इमारतीचा सर्वांत सुंदर भाग द्यावा, हा विचार नकाशांतच घातलेला आहे. तो नंतर केलेल्या नियमांवर सोडलेला नाहीं. आमच्या मतें मेंडेलसोनच्या प्रसिद्ध गोलाईपेक्षां हेंच अधिक कौतुकाचें आहे.

सगळेंच साधलें असें मात्र नाहीं. आराखड्यांत पोहण्याचा तलाव होता, गच्चीपुढें फ्रँक डॉब्सन या मूर्तिकाराची एक मोठी स्त्रीमूर्ति बसवावयाची होती. पैशाच्या ओढाताणींत हीं दोन्ही कागदावरच राहिलीं. आणि जागा मोकळी करण्यासाठीं कूचबिहारच्या महाराजांचें कारंजें उचलून जवळच्या एगर्टन बागेंत नेण्यांत आलें.

१२ डिसेंबर १९३५ रोजीं ड्यूक व डचेस ऑफ यॉर्क यांनीं – वर्षभरानें हेच इंग्लंडचे राजाराणी व्हावयाचे होते – या घराचें उद्घाटन केलें. समुद्रकांठच्या करमणूकगृहाचें उद्घाटन ऐन हिवाळ्यांत! परगांवचा पाहुणा तेव्हां औषधालाही सांपडत नाहीं. हजर असतो तो गांवचा माणूस. बर्नार्ड शॉनें आनंद व्यक्त करणारें पत्र धाडलें, पण आपलीं नाटकें तेथें दरवर्षीं झाल्याखेरीज गांवाला सुधारलेपणाचा दाखला देणार नाहीं अशी पुस्तीही जोडली. पुढच्याच वर्षीं जुनें कुरसाल पाडण्यांत आलें.

मेंडेलसोन इंग्लंडांत रमला नाहीं. पॅलेस्टाईनमार्गें तो १९४१ मध्यें अमेरिकेस गेला आणि १९५३ मध्यें तेथेंच वारला. चर्मायेफही १९४० मध्यें अमेरिकेस गेला. ज्या घराण्याचें नांव इमारतीला मिळालें त्याचा नववा अर्ल १९७६ पर्यंत जगला, आणि आपल्या हट्टाचें म्हातारपणही त्याला पाहावें लागलें. म्हातारपण लवकर आलें. खारा वारा हा पोलादाचा वैरी. खिडक्यांच्या चौकटी गंजल्या, गिलावा सुटला, आणि दुरुस्तीच्या नांवाखालीं जोडकामें होत गेलीं. १९७४ मध्यें गांवाची स्वतंत्र म्युनिसिपालिटी संपून कारभार मोठ्या जिल्हा कौन्सिलकडे गेला. १९८६ मध्यें सरकारनें संरक्षित वास्तूंच्या पहिल्या वर्गांत इमारतीची नोंद केली. परंतु नोंदीनें गंज थांबत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत तर ती एका मद्यगृहें चालविणाऱ्या कंपनीला भाडेपट्ट्यानें देण्याचीं बोलणीं सुरू झालीं. साठ वर्षांपूर्वीं जो सौदा नको म्हणून गांवानें कर्ज काढलें, तोच सौदा मागच्या दारानें आंत येऊं पाहत होता.

या वेळीं पुढाकार घेणारा कोणी अर्ल नव्हता. १९८९ पासून गांवांतील व बाहेरील हितचिंतकांनीं इमारतीच्या रक्षणासाठीं एक मंडळ चालविलें होतें. त्यांनीं व इतरांनीं आवाज उठविला, भाडेपट्टा बारगळला, आणि सरकारी लॉटरीच्या पैशांतून जीर्णोद्धाराची योजना ठरली. १९३४ मधील करदात्यांचे सवाल पुन्हां जसेच्या तसे विचारले गेले: एवढा पैसा कां, कोणासाठीं, आणि कलेचीं प्रदर्शनें भरवून गांवच्या म्हाताऱ्यांना काय मिळणार? इमारत २००३ मध्यें एका धर्मादाय विश्वस्तमंडळाकडे सोंपविण्यांत आली, आणि सुमारें ८० लक्ष पौंड खर्चून २००५ च्या ऑक्टोबरांत ती आधुनिक कलेचें केंद्र म्हणून पुन्हां उघडली.

कारंज्याची गोष्ट मात्र अशी नीट संपली नाहीं. एगर्टन बागेंतून तें १९६० नंतरच्या दशकांत डागडुजीसाठीं म्हणून काढलें, आणि त्यानंतर तें नाहींसें झालें. इमारतीच्या पश्चिमेस मेट्रोपोल नांवाचें जें भलें मोठें हॉटेल होतें तेंही दुसऱ्या महायुद्धांत मोडकळीस येऊन पुढें पाडलें गेलें. त्याच्या जागीं दुसरें हॉटेल झालें नाहीं. तेथें आतां हिरवळ आहे.